धर्मादाय संस्था आणि सेवकवर्ग : न्यूयॉर्क येथील १९५९ चा रुग्णालयीन संप

इ. स. १९४७ या एकाच वर्षी भारतात व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मालक-कामगार संबंधांविषयीचे दोन महत्त्वाचे कायदे झाले. भारतातील औद्योगिक कलह कायद्याने 'उद्योग' या शब्दाची व्याख्या इतकी विस्तृत व तितकीच मोघम केली की, रुग्णालय हा उद्योग आहे की नाही, हे ठरविण्याचे काम पुढे न्यायालयांच्या माथी आले. अमेरिकेतील टॅफ्ट-हार्टली कायद्याने मात्र या प्रश्नाला वावच ठेवला नाही. नफ्यासाठी न चालणारी रुग्णालये कायद्याच्या अर्थाने 'मालक' नव्हेत, असे त्याने सरळ सांगून टाकले. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने अमेरिकन कामगारांना युनियन स्थापन करण्याचा आणि मालकाला वाटाघाटीस बसविण्याचा जो हक्क दिला होता, तो अशा रीतीने रुग्णालयांच्या दारापाशी येऊन थांबला. ज्याला मालकच नाही असा नोकर, ही कायद्याने निर्माण केलेली विलक्षण कोटी होय. या कोटीतील माणसांनी न्यूयॉर्क शहरात १९५८ ते १९६३ या काळात जे केले, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विचार करताना मुंबईतील एका खटल्याकडेही वळावे लागेल. कारण तोच प्रश्न जवळजवळ त्याच सुमारास आपल्याकडेही निर्णयास आला होता.

प्रथम ज्या संस्थांचा येथे संबंध येतो त्यांचे स्वरूप पाहू. न्यूयॉर्कमध्ये त्या काळी तीन प्रकारची रुग्णालये होती : नगरपालिकेने चालविलेली, खाजगी मालकीची व नफ्यासाठी चालणारी, आणि ज्यांना तेथे 'व्हॉलंटरी' म्हणत ती, म्हणजे देणग्यांतून उभी राहिलेली व विश्वस्तांनी चालविलेली धर्मादाय रुग्णालये. शहरातील नामांकित रुग्णालये बहुतेक या तिसऱ्या प्रकारातील होती. माउंट सायनाय, बेथ इझ्राएल, माँटेफिओरी ही नावे वैद्यकाच्या अभ्यासकांना आजही परिचित आहेत. यांपैकी अनेक संस्था ज्यू समाजातील धनिकांनी उभारल्या होत्या. इतर रुग्णालयांत ज्यू डॉक्टरांना प्रवेश मिळणे कठीण असे. म्हणून त्या समाजाने स्वतःच्या संस्था काढल्या आणि त्या नावारूपास आणल्या. विश्वस्तांना त्यांचा जो अभिमान वाटे तो अस्थानी नव्हता. पुढील हकीकत वाचताना हे विसरता कामा नये. कारण युनियनला विरोध करणारी ही माणसे गिरणीमालकांच्या किंवा खाणमालकांच्या साच्यातली नव्हती. त्यांतील पुष्कळजण राजकारणात उदारमतवादी होते, आणि दुसऱ्याच्या कारखान्यातील युनियनबद्दल त्यांना आदरही असे.

या संस्थांच्या तळघरांत, मुदपाकखान्यांत, धुलाईखान्यांत व वॉर्डांत जो सेवकवर्ग काम करी, त्याची स्थिती काय होती? जेवणाची ताटे वाहणारे, फरशी पुसणारे, चादरी धुणारे, रोग्याला चाकांच्या खाटेवरून शस्त्रक्रियागृहात नेणारे, परिचारिकांच्या हाताखालच्या मदतनिसा — आपल्याकडील भाषेत वॉर्डबॉय, आया व चतुर्थ श्रेणीचे सेवक — यांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय किंवा पोर्तो रिकोहून आलेले होते, आणि त्यांतही स्त्रिया अधिक होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेकडील राज्यांतून व पोर्तो रिकोतून जी मोठी स्थलांतरे न्यूयॉर्ककडे झाली, त्यांतून आलेल्यांना जी कामे सहज मिळत त्यांपैकी हे एक. आठवड्याला बत्तीस ते अडतीस डॉलर हा त्यांच्यापैकी अनेकांचा पगार होता. चाळीस तासांहून अधिक काम सर्रास करावे लागे, व जादा कामाला जादा दर नसे. संघराज्याच्या किमान वेतनाचा कायदा त्यांना लागू नव्हता. बेकारीच्या विम्याचे संरक्षणही नव्हते. पूर्ण वेळ काम करूनही कुटुंबाचे पोट भरत नसल्यामुळे काहींना शहराच्या साहाय्यनिधीतून पूरक मदत घ्यावी लागे. म्हणजे ज्या माणसाच्या श्रमावर धर्मादाय संस्था चाले, त्या माणसालाच दुसऱ्या धर्मादायाच्या दारी उभे राहावे लागे.

विश्वस्तांचा युक्तिवाद असा होता की, रुग्णालयांना दरवर्षी तूट येते, ती देणगीदार भरून काढतात, आणि पगारवाढीचा प्रत्येक डॉलर रोग्याच्या तोंडचा घास काढूनच द्यावा लागेल. हिशेबाच्या दृष्टीने यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की, बाजारभावापेक्षा कमी पगार घेणारा धुलाईखान्यातील नोकर दर आठवड्याला त्या संस्थेस काही डॉलरांची देणगीच देत होता. फरक एवढाच की, ही देणगी त्याला विचारून घेतलेली नव्हती, आणि तिच्याबद्दल त्याचे नाव कोणत्याही संगमरवरी शिळेवर कोरले जाणार नव्हते. शिवाय १९५० नंतरच्या दशकात देणग्यांचा वाटा एकूण उत्पन्नात उतरत चालला होता. ब्लू क्रॉससारख्या आरोग्यविमा संस्थांकडून व निर्धन रोग्यांसाठी नगरपालिकेकडून येणारा पैसा हा आता मुख्य आधार झाला होता. रुग्णालय धर्मादाय राहिले होते ते नावाने व व्यवस्थापनाच्या वृत्तीने. पैशाच्या दृष्टीने ते एक मोठी सेवासंस्था झाले होते. पुढे जे घडले त्याची गुरुकिल्ली, माझ्या मते, या बदलात आहे.

ज्या युनियनने या क्षेत्रात पाऊल टाकले ती या कामाला सर्वांत अयोग्य वाटावी अशी होती. 'लोकल ११९९' ही औषधांच्या दुकानांतील फार्मासिस्टांची व विक्रेत्यांची संघटना. १९३२ साली लिऑन डेव्हिस व त्याच्या सहकाऱ्यांनी ती स्थापन केली. डेव्हिस हा रशियातून लहानपणी आलेला ज्यू. फार्मसीचे शिक्षण घेतलेला, विचाराने डावा. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस संघटनेचे सभासद सुमारे पाच हजार होते, व त्यांत बहुसंख्य ज्यू फार्मासिस्ट होते. सुशिक्षित, पांढरा कोट घालणारे, स्वतःस व्यावसायिक समजणारे हे लोक. तथापि या संघटनेची एक परंपरा होती. १९३० नंतरच्या दशकात हार्लेममधील औषधदुकानांत कृष्णवर्णीय फार्मासिस्टांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून तिने लढा दिला होता, आणि दुकानांतील हमालांना व झाडणाऱ्यांनाही तिने सभासद करून घेतले होते. अशा हमालांपैकीच टेड मिचेल हा पुढे संघटनेचा पदाधिकारी झाला. १९५७ साली एलियट गोडॉफ हा तिच्यात दाखल झाला. तोही फार्मासिस्टच, पण रुग्णालयांत युनियन बांधण्याच्या खटपटीत त्याची कित्येक वर्षे गेली होती, आणि तोवर त्याच्या पदरात अपयशच अधिक पडले होते. मोठ्या युनियनांना या क्षेत्रात रस नव्हता. इतक्या कमी पगाराच्या माणसांकडून वर्गणी किती मिळणार, आणि कायद्याचे पाठबळ नसताना मालकाला वाटाघाटीस बसवणार कसे, असा त्यांचा व्यवहारी विचार होता. गोडॉफ व मिचेल या जोडीने — एक गोरा ज्यू, एक कृष्णवर्णीय — ब्राँक्समधील माँटेफिओरी रुग्णालयापासून सुरुवात केली.

माँटेफिओरीची निवड अविचाराने झालेली नव्हती. तेथील संचालक डॉ. मार्टिन चेर्कास्की हे सामाजिक वैद्यकाचे पुरस्कर्ते म्हणून प्रसिद्ध होते. अशा माणसाला आपल्याच तळघरातील गरिबी दाखवून दिली असता तो फार काळ डोळे मिटून बसू शकणार नाही, हा हिशेब होता. तरीही मान्यता सहजासहजी मिळाली नाही. १९५८ सालचे बरेचसे महिने पाळ्या बदलण्याच्या वेळी दाराशी उभे राहून पत्रके वाटण्यात, एकेका विभागातून सह्या गोळा करण्यात गेले. पत्रके इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही निघत. औषधदुकानांतील फार्मासिस्ट आपले काम सुरू होण्यापूर्वी पहाटे येऊन हे काम करीत. डिसेंबर १९५८ मध्ये अखेर गुप्त मतदान झाले. युनियनच्या बाजूने ६२८ मते पडली व विरुद्ध ३१. हे आकडे युनियनच्या नेत्यांच्याही अपेक्षेपलीकडचे होते. 'आमच्या सेवकांना युनियन नको आहे, बाहेरचे लोक त्यांना चिथावतात,' हा व्यवस्थापकांचा नेहमीचा दावा या एका मतमोजणीने निकालात काढला.

माँटेफिओरीची वार्ता पसरताच इतर रुग्णालयांतील सेवक आपण होऊन युनियनकडे येऊ लागले. येथे एक बाब ध्यानी घेण्याजोगी आहे. नगरपालिकेच्या रुग्णालयांतील नोकरांना वाटाघाटीचा हक्क १९५८ सालीच मिळाला होता. महापौर रॉबर्ट वॅग्नर यांनी त्या वर्षी हुकूम काढून शहराच्या सर्व नोकरांना तो दिला होता. हे महापौर म्हणजे १९३५ चा कामगार कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या सिनेटर वॅग्नर यांचे चिरंजीव. तेव्हा एकाच रस्त्यावरील दोन रुग्णालयांत, एकाच प्रकारची फरशी पुसणाऱ्या दोन बायकांपैकी एकीला युनियनचा हक्क होता व दुसरीला नव्हता. भेद कामात नव्हता. इमारत कोणाच्या नावावर आहे, यात होता.

१९५९ च्या वसंतात युनियनने अनेक रुग्णालयांत बहुसंख्य सेवकांच्या सह्या मिळवून मान्यतेची मागणी केली. विश्वस्तांनी ती साफ नाकारली. मतदान घेण्यासही त्यांची तयारी नव्हती. कारण मतदान म्हणजे मान्यतेची पहिली पायरी, आणि माँटेफिओरीचा निकाल सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. वेतनाबद्दल बोलण्यास ते काही प्रमाणात राजी होते, पण युनियनशी बोलण्यास नव्हते. हा भेद महत्त्वाचा आहे. पगार वाढविणे हे औदार्य ठरते, आणि विश्वस्तांना औदार्याची सवय होती. वाटाघाटीला बसणे हे समोरच्याचा अधिकार मान्य करणे होय, आणि ज्याला आजवर आपण उपकृत समजत आलो त्याचा अधिकार मान्य करणे परोपकारी माणसाला विशेष जड जाते. आपल्याकडील देवस्थानांच्या व धर्मादाय शिक्षणसंस्थांच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना ही वृत्ती अपरिचित वाटणार नाही.

महापौरांनी मध्यस्थीचा प्रयत्न केला, मुदती पुढे ढकलल्या गेल्या, आणि अखेर ८ मे १९५९ रोजी पहाटे सहा रुग्णालयांत संप सुरू झाला : माउंट सायनाय, बेथ इझ्राएल, बेथ डेव्हिड, लेनॉक्स हिल, ब्राँक्स, आणि ब्रुकलिनचे ज्यूइश रुग्णालय. पुढे फ्लॉवर-फिफ्थ ॲव्हेन्यू हे सातवे त्यांत सामील झाले. संपात उतरलेल्यांची संख्या सुमारे साडेतीन हजार होती. डॉक्टर व परिचारिका कामावर राहिल्या. सेवकांच्या जागी शहरातील सुखवस्तू घरांतील स्त्रिया व शाळकरी मुले स्वयंसेवक म्हणून आली. त्यांनी ताटे वाढली, खाटा आवरल्या, स्वयंपाकघरे चालविली. या स्वयंसेवकांच्या सद्भावनेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु जे काम एरवी कोणाच्या नजरेसही येत नसे, ते ज्यांना करता आले नाही तेव्हाच लोकांच्या दृष्टीस पडले, हेही खरे. रुग्णालयाच्या रस्त्यावर 'शांतता राखा' अशा पाट्या असत. त्याच पाट्यांखाली शेकडो माणसे फलक घेऊन फेऱ्या घालीत होती. या लढ्याचा विस्तृत इतिहास लिऑन फिंक व ब्रायन ग्रीनबर्ग यांनी १९८९ साली ग्रंथरूपाने लिहिला, त्याचे नाव त्यांनी याच 'शांतता क्षेत्रा'वरून घेतले आहे.

रोग्यांना वेठीस धरणारा संप हा नैतिक दृष्ट्या समर्थनीय आहे काय? हा प्रश्न त्या वेळी प्रत्येक वृत्तपत्राने विचारला, आणि इतिहासाच्या अभ्यासकानेही तो टाळू नये. युनियनने तो टाळला नाही. तिच्या उत्तराचा आशय असा : सेवकाने संप करू नये असे समाजाला वाटत असेल, तर संपाशिवाय दाद मागण्याचा मार्ग समाजाने त्याला उपलब्ध करून दिला पाहिजे, तो मार्ग कायद्याने बंद केला असेल, तर संपाची जबाबदारी एकट्या सेवकावर टाकता येणार नाही. मला हा युक्तिवाद सबळ वाटतो. एवढे मात्र मान्य केले पाहिजे की, रुग्णालये बंद पडली नाहीत म्हणूनच हा युक्तिवाद इतक्या स्वस्थपणे करता आला. डॉक्टर व परिचारिकाही बाहेर पडल्या असत्या, तर लोकमताचे पारडे कोणीकडे झुकले असते, हे सांगण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही.

रुग्णालयांनी न्यायालयांकडून मनाई हुकूम मिळविले. निदर्शकांना अटक झाली. ज्यांचा आठवड्याचा पगार आठवड्यातच संपे अशा लोकांचा संप सात आठवडे टिकला कसा? याचे उत्तर दोन ठिकाणी सापडते. एक म्हणजे इतर युनियनांचे साहाय्य. शहराच्या केंद्रीय कामगार मंडळाचे अध्यक्ष हॅरी व्हॅन आर्सडेल यांनी या संपाला आपली शक्ती दिली. ते स्वतः विजेच्या कामगारांच्या युनियनचे पुढारी. त्यांची युनियन कुशल व बहुतांशी गोऱ्या कामगारांची. त्यांनी पैसा व अन्नधान्य गोळा केले, आपले सभासद फेऱ्या घालण्यास पाठविले. दुसरे म्हणजे कृष्णवर्णीय व पोर्तो रिकन समाजांचा पाठिंबा. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्यासारखा वृद्ध कामगारनेता पाठीशी उभा राहिला. हार्लेममधील 'ॲम्स्टरडॅम न्यूज' व स्पॅनिश भाषेतील 'एल दिआरिओ' या पत्रांनी संपाची बाजू घेतली. माँटगोमेरीतील बस-बहिष्काराला तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. दक्षिणेत जो प्रश्न बसमधील आसनाच्या रूपाने उभा राहिला, तो उत्तरेत पगाराच्या पाकिटाच्या रूपाने उभा आहे, असे या संपाने दाखवून दिले. कामगार चळवळ आणि नागरी हक्कांची चळवळ यांची जी सांगड पुढे या युनियनची ओळख ठरली, ती कोणा विचारवंताने आधी आखलेली नव्हती. फलक घेऊन फिरणाऱ्यांच्या रंगानेच ती घडवून आणली.

बेचाळिसाव्या-त्रेचाळिसाव्या दिवशीही दोन्ही पक्ष जागचे हलले नव्हते. २२ जून रोजी, म्हणजे सेहेचाळिसाव्या दिवशी, तडजोड झाली. तिच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. सेवकांना तासाला एक डॉलर किमान वेतन, चाळीस तासांचा आठवडा व जादा कामाला दीडपट दर मिळाला. गाऱ्हाण्यांसाठी लवादापर्यंत जाणारी पद्धत ठरली. परंतु युनियनला मान्यता मिळाली नाही. त्याऐवजी बारा सभासदांची एक 'कायम प्रशासकीय समिती' नेमावयाची होती. त्यांपैकी सहा रुग्णालयांचे विश्वस्त, व सहा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांनी निवडलेले सार्वजनिक प्रतिनिधी. या समितीने दरवर्षी वेतनाचा आढावा घ्यावा, असे ठरले. ज्यांच्या वेतनाचा हा आढावा, त्यांचा प्रतिनिधी मात्र तीत एकही नव्हता.

हा विजय की पराभव? कराराचा मसुदा वाचणारा त्याला पराभवच म्हणेल; विश्वस्तांनी तत्त्वाचा एकही इंच सोडला नव्हता. डेव्हिसने तो विजय म्हणून सभासदांपुढे मांडला, आणि त्यात काही पुढारीपणाची चतुराई होतीच. तथापि केवळ मसुद्यावरून निर्णय करणे बरोबर होणार नाही. गाऱ्हाण्यांची पद्धत ठरल्यामुळे प्रत्येक वॉर्डात युनियनचा माणूस सहकाऱ्याचे गाऱ्हाणे घेऊन उभा राहू शकत होता. वर्गणी पगारातून कापून घेण्याची सोय नसल्यामुळे ती दर महिन्याला हाती गोळा करावी लागे. हे काम कंटाळवाणे खरे. पण त्यामुळेच सभासदाची आणि कार्यकर्त्याची दरमहा गाठ पडे. मान्यता नसलेली युनियन कागदावर नव्हती, तळघरात होती. कागदावर असलेली आणि तळघरात नसलेली युनियन कशी असते, हे आपणांस मुंबईच्या गिरणगावाच्या इतिहासावरून ठाऊक आहे.

१९६२ साली दुसरी फेरी झाली. ब्रुकलिनमधील बेथ-एल रुग्णालय व मॅनहॅटनमधील डोळे, कान व घशाचे रुग्णालय यांत मान्यतेसाठी संप झाले. न्यायालयाचा हुकूम मोडल्याबद्दल डेव्हिसला तुरुंगात जावे लागले. या वेळी राज्याचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी मध्ये पडून कायदा करण्याचे आश्वासन दिले, आणि त्या आश्वासनावर संप मागे घेण्यात आला. १९६३ साली न्यूयॉर्क शहरापुरता कायदा होऊन धर्मादाय रुग्णालयांच्या सेवकांना सामुदायिक वाटाघाटीचा हक्क मिळाला. मात्र त्याच कायद्याने संपाला बंदी केली व सक्तीचा लवाद लादला. युनियनने हा सौदा पत्करला. ज्या हत्याराने हक्क मिळविला तेच हत्यार हक्काच्या मोबदल्यात खाली ठेवावे लागले, अशी टीका पुढे झाली. परंतु १९६३ साली ज्याच्या हाती काहीच नव्हते, त्याने ही देवघेव वेगळ्या रीतीने करावयास हवी होती असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. शिवाय ही बंदी किती पाळली जाणार, हे युनियनची ताकद ठरविणार होती, कायद्याचे कलम नव्हे. १९६८ च्या करारात आठवड्याला किमान शंभर डॉलर वेतन ठरले. नऊ वर्षांपूर्वी बत्तीस डॉलर मिळविणाऱ्यांच्या दृष्टीने ही वाढ तिपटीची होती. भाववाढ जमेस धरली तरी ती लहान नव्हती.

विश्वस्तांचे मन या नऊ वर्षांत पालटले काय? काही प्रमाणात पालटले असेल. पण त्याहून अधिक पालटली ती हिशेबाची वही. १९६५ साली वृद्धांसाठी 'मेडिकेअर' व निर्धनांसाठी 'मेडिकेड' या सरकारी योजना आल्या, आणि रुग्णालयाला रोग्यामागे येणारा खर्च सरकार व विमासंस्था भरून देऊ लागल्या. वाढीव पगार आता देणगीदाराच्या खिशातून जाणार नव्हता. किंबहुना रुग्णालयाचे व्यवस्थापन व युनियन ही दोन्ही मिळून राज्य सरकारकडे अधिक पैसा मागू लागली, असा चमत्कारिक योग पुढे आला. १९५९ साली ज्या तत्त्वासाठी विश्वस्त सेहेचाळीस दिवस झुंजले, ते तत्त्व पैशाची वाट बदलताच निस्तेज झाले. माँटेफिओरीच्या मतदानाचे किंवा संपाचे श्रेय यामुळे कमी होत नाही. कारण पैसा आला तेव्हा तो मागण्यास संघटित माणसे तेथे आधीच उभी होती. त्याच योजनांचा पैसा जेथे संघटना नव्हती तेथेही गेला, आणि तेथील सेवकांचे वेतन त्याने आपोआप वाढले नाही.

हे दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्स्टन येथे १९६९ साली दिसून आले. तेथील राज्य वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कृष्णवर्णीय सेविकांना तासाला एक डॉलर तीस सेंट मिळत. संघराज्याचे किमान वेतन तेव्हा एक डॉलर साठ सेंट होते. संघटना बांधणाऱ्या बारा जणींना काढून टाकताच चारशेहून अधिक सेवक, जवळजवळ सर्व स्त्रिया, बाहेर पडले. मेरी मोल्ट्री ही त्यांची पुढारी. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला तेव्हा एक वर्ष होत होते. त्यांच्या पत्नी कॉरेटा किंग तेथे येऊन मोर्चात चालल्या, आणि राल्फ ॲबरनॅथी यांना अटक झाली. राज्याने नॅशनल गार्डचे सैनिक बोलाविले. शंभर दिवसांनी तडजोड झाली ती संघराज्याचे अनुदान बंद होण्याच्या धाकाने. काढलेल्यांना परत घेतले गेले, वेतन वाढले. मान्यता मात्र मिळाली नाही, आणि तेथील शाखा काही काळातच विरून गेली. न्यूयॉर्कमध्ये व्हॅन आर्सडेल होते, वॅग्नर होते, सभोवती लक्षावधी संघटित कामगारांचे शहर होते. चार्ल्स्टनच्या सेविकांचे धैर्य न्यूयॉर्कच्या सेविकांहून तसूभरही कमी नव्हते. त्यांच्याभोवतीचे गाव निराळे होते. १९७४ साली अमेरिकन काँग्रेसने १९४७ चा अपवाद रद्द केला, आणि धर्मादाय रुग्णालयांचे सेवक देशभर कायद्याच्या कक्षेत आले. संपापूर्वी दहा दिवसांची नोटीस द्यावी, एवढी विशेष अट रुग्णालयांसाठी ठेवण्यात आली. चार्ल्स्टनच्या सेविका मात्र राज्य सरकारच्या नोकर असल्यामुळे या कायद्याबाहेरच राहिल्या.

आता मुंबईकडे वळू. न्यूयॉर्कचा संप मिटून सात महिने झाले असतील नसतील, तोच २९ जानेवारी १९६० रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मुंबई राज्य विरुद्ध हॉस्पिटल मजदूर सभा' या खटल्याचा निकाल दिला. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालय-समूहातील दोन स्त्री वॉर्ड-सेविकांना नोकरीतून कमी करून, त्यांच्या जागी नागरी पुरवठा खात्यातून मोकळे झालेले दोन सरकारी नोकर घेण्यात आले होते. युनियनचे म्हणणे असे की, ही कायद्याच्या अर्थाने नोकरकपात आहे, आणि आगाऊ नोटीस व नुकसानभरपाई न देता ती करता येत नाही. राज्य सरकारचे म्हणणे असे की, रुग्णालय हा मुळी उद्योगच नव्हे. तेथे नफा नाही, व्यापार नाही, रोग्यांची सेवा आहे. न्यूयॉर्कच्या विश्वस्तांनी हे वाक्य आनंदाने आपले म्हटले असते. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निकाल लिहिला. नोकरांच्या साहाय्याने समाजाला भौतिक सेवा पुरविण्याचे जे काम पद्धतशीरपणे चालते, ते नफ्यासाठी असो वा नसो, सरकार चालवो वा खाजगी संस्था, ते या कायद्याच्या अर्थाने उद्योग होय, असा त्याचा आशय आहे. सरकारचे अपील फेटाळले गेले.

तुलना केली असता दिसते ती गोष्ट अशी : न्यूयॉर्कमध्ये साडेतीन हजार माणसांना सेहेचाळीस दिवस रस्त्यावर उभे राहून जे मिळाले नाही, ते मुंबईत दोन सेविकांच्या खटल्याने मिळाले. म्हणून आपला मार्ग श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो; पण पुढचा इतिहास त्यास अनुकूल नाही. न्यायालयाने दिलेले न्यायालयाने परत घेतले. १९७० साली सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आपलाच १९६० चा निर्णय चुकीचा ठरविला. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तो पुन्हा प्रस्थापित केला. हा निकाल मुख्यतः न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा. १९८२ साली संसदेने व्याख्या बदलून रुग्णालये व दवाखाने वगळले, पण ती बदललेली व्याख्या अंमलात आणली गेली नाही. २०१७ साली हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविण्यात आला. या साऱ्या काळात जे. जे. च्या वॉर्डांतील सेवक उद्योगात काम करीत होते की नाही, हे ते झोपेतून उठण्यापूर्वी दिल्लीत ठरत होते.

१९४७ च्या कायद्याची जागा घेणारी औद्योगिक संबंध संहिता २०२० साली संमत झाली. तिच्या व्याख्येत रुग्णालयांचा नामनिर्देश नाही. मात्र पूर्णतः वा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवेत गुंतलेल्या संघटनांच्या संस्था 'उद्योग' या शब्दातून वगळलेल्या आहेत.